दगडावरची बाई

आठ-नऊशे वर्षांपूर्वी शिलाहार राजे या मुलखावर राज्य करत होते. त्यांचं सिंहासन राहिलं नाही, वंश राहिला नाही, कुणी नाव घेणारंही राहिलं नव्हतं. पण आंबिवलीच्या पलीकडच्या डोंगरशेत आणि वडपाडा या दोन गावांत गेल्या वर्षापासून त्यांचं नाव असं काही घेतलं जाऊ लागलं, की राजा जणू काल संध्याकाळी येऊन सातबारा हातात देऊन गेला.

दोन्ही गावांच्या मध्ये ओढा आहे. ओढ्यापलीकडची चाळीस एकर वडपाड्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या कसत आली. तिथं टाउनशिप येणार असं कळलं आणि डोंगरशेतला अचानक इतिहासाची आवड लागली.

इतिहास होता त्या जमिनीपलीकडच्या टेकडीवरच्या देवात. वडाखाली पुरलेला, शेंदराचे थर चढलेला दगड. दोन्ही गावं त्याची जत्रा करत. उन्हाळ्यात शेंदराचं कवच आपोआप गळून पडलं आणि आत अक्षरं निघाली. डोंबिवलीहून संचिता नावाची अभ्यासक मुलगी आली. तिनं वाचलं: या दगडापासून उगवतीला देवळापर्यंतची सगळी जमीन राजानं देवळाला दिली. देऊळ डोंगरशेतचं. म्हणजे चाळीस एकर डोंगरशेतची! फटाके वाजले.

गर्दीत मागं उभ्या असलेल्या आवडाबाईला मात्र खरं ठाऊक होतं. तो दगड टेकडीवरचा नव्हताच.

लग्न होऊन ती डोंगरशेतला आली तेव्हा तो ओढ्याच्या अलीकडच्या, डोंगरशेतच्या काठावर पालथा पडलेला होता. त्यावर ती धुणी आपटायची. एका पावसाळ्यात काठ खचला, दगड उलटला आणि वर कोरलेले सूर्य-चंद्र दिसले, खाली सगळा चिखल. आपण देवावर धुणं धुतलं, या धास्तीनं ती नवऱ्याच्या पाया पडली. दोघांनी भल्या पहाटे बैलगाडीतून देव ओढ्यापलीकडं टेकडीवर नेला. जागा तिनं निवडली. तिथून वडपाड्याची कौलं दिसायची आणि वडपाडा तिचं माहेर होतं. खालचा अर्धा भाग नवऱ्यानं तिला दूर उभं करून एकट्यानं पुरला, वर शेंदूर थापला. दुसऱ्या दिवशी गुराख्यांना दगड दिसला आणि देव प्रकटला म्हणून दोन्ही गावं नाचली. पुढं कोण कशाला तोंड उघडतंय! नवरा ती गोष्ट पोटात घेऊनच गेला.

तिनं मुलाला, कमलेशला, बाजूला घेऊन सगळं सांगितलं. कमलेश गावाच्या समितीचा अध्यक्ष होता.

"आई, हे आता बोललीस ते इथंच गिळ," तो म्हणाला. "अख्खा गाव माझ्या मागं उभा हाय. मॅटर एकदम फिट बसलंय."

"अरे, पन ती जमीन तुज्या मामाची हाय."

"राजाची होती. राजानं आपल्याला दिली. विषय संपला."

आणि ती गिळून बसली. खोटं कशाला बोलू, तिला भीती वाटली. देव खोटा ठरेल, मेलेला नवरा लबाड ठरेल, मुलाची मान खाली जाईल. महिनाभर तिला अन्न गोड लागलं नाही, पण तोंड तिनं उघडलं नाही.

जून लागता लागता तिच्या भावाचा, गुणाजीचा, रतन पहार घेऊन टेकडीवर आला. "हा दगडच ठेवत नाय," म्हणाला आणि खणायला लागला. खबर लागताच कमलेश माणसं घेऊन धावला. आधी शिव्या झाल्या, दोन्ही बाजूंनी आईवरून. एकाची आई दुसऱ्याची आत्या आहे, याचं कुणाला भान नव्हतं. मग झटापट झाली. कमलेशनं ढकललं, रतनचं डोकं त्याच दगडावर आपटलं. तिसऱ्या दिवशी कल्याणच्या हॉस्पिटलात रतननं जीव सोडला. कमलेशला पोलिसांनी नेलं.

मग आवडाबाई बोलली. कल्याणला जमिनीची सुनावणी होती, तिथं साहेबांसमोर उभी राहून तिनं धुण्यापासून बैलगाडीपर्यंत सगळं सांगितलं. डोंगरशेतच्या वकिलानं एकच प्रश्न विचारला.

"आजी, तुमचं माहेर कुठलं?"

"वडपाडा."

लोक हसले. माहेरचा पुळका, म्हणाले. तिच्या साठ वर्षांच्या सत्याची बोळवण एवढ्यात झाली.

बाहेर गुणाजी भिंतीला टेकून बसला होता. ती जवळ गेली. त्यानं वरही पाहिलं नाही.

"बाय, ह्येच महिन्यापूर्वी बोलली असतीस, तर माजा पोर घरी असता."

हे खरं होतं. ती वळली तर समोर संचिता. रतननं खणल्यावर दगडाचा खालचा भाग उघडा पडला होता. तिथं काय आहे, ते आवडाबाईनं तिला विचारलं. मुलीनं आढेवेढे घेतले, मग खाली मान घालून सांगितलं. या दगडाला गधेगाळ म्हणतात. खाली एक बाई कोरलीय आणि तिच्यावर गाढव. राजाचं दान जो मोडेल, त्याच्या आईला हा शाप.

"ज्यानं मोडलं त्याला नाय?"

"नाही, आजी. त्याच्या आईला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेकडी चढली. दगड कलंडलेला होता, शेजारी खुर्चीवर हवालदार पेंगत होता. ती खाली बसली आणि पहिल्यांदाच तिनं ती बाई पाहिली. जन्मभर हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडले, आणि मातीखाली ही अशी पडून होती. राजा गेला, त्याचं राज्य गेलं, हिची सुटका काही झाली नाही.

तिनं पिशवीतून शेंदूर काढला, तेलात कालवला.

"ओ आजी, हात लावू नका, पुरावा आहे तो," हवालदार ओरडला.

आवडाबाईनं ऐकलं नाही. वरच्या सूर्य-चंद्राला तिनं बोटही लावलं नाही, अक्षरांकडं पाहिलं नाही. खालच्या बाईला मात्र ती डोक्यापासून पायापर्यंत माखत राहिली.

"झाकते गो बाय तुला," ती म्हणाली. "आपल्याला दुसरं कोन झाकनार?"