दोघांची गाडी

"ही गाडी हाय का घसरगुंडी?" सहादू आप्पांनी दाराची कड धरून आत डोकावलं आणि तसेच मागे सरले. "आत बसायचं म्हंजी आधी जमिनीला टेकायचं, मंग पाय आत वढायचे. माझ्या गुडघ्यांनी काय करायचं?"

त्यांचा मुलगा सुनील स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसला होता. नजर समोर शोरूमच्या भिंतीवर होती, पण तो भिंत बघत नव्हता हे शेजारी उभ्या असलेल्या विक्रेत्या किशोर बागूलला कळत होतं. पिंपळगावच्या या द्राक्षबागायतदार तरुणाची ही तिसरी खेप. आधी दोनदा एकटाच आला होता. आज बुकिंग करायचं म्हणून वडिलांना घेऊन आला, आणि तिथेच घोटाळा झाला.

"आप्पा, मागंबी सीट हायेत," सुनील म्हणाला.

"त्याला सीट म्हनत्यात? द्राक्षाचं कॅरेट बी मावायचं नाय तिथं. तुही माय कुठं बसंल, ते सांग. गडावर देवीला जायचं ठरलं तर तिला घरी ठिवायचं का?"

सुनीलनं स्टिअरिंगवरून हात काढले. किशोरनं वीस वर्षांच्या सवयीनं सूत्रं आपल्याकडे घेतली. "आप्पा, ही हायब्रिड आहे. पेट्रोलचं इंजिनही आहे आणि बॅटरीवरची मोटरही. गावात हळू चालवली तर पेट्रोल जवळजवळ लागतच नाही. आणि पाय दाबला की दोन्ही मिळून अशी पळते, की…"

"रातच्याला चार्जिंगला लावायची का?"

"नाही. चालता चालता, ब्रेक मारला की आपोआप भरते."

"म्हंजी लाइट गेली तरी अडायचं नाय."

"अजिबात नाही."

"हे ब्येस हाय," आप्पांनी मान हलवली. मग पलीकडे उभ्या असलेल्या उंच, सात जणांच्या गाडीकडे बोट केलं. "हेच मशिन त्या गाडीत बी हाय का?"

किशोरला खोटं बोलता येईना. "आहे," तो म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीआधी उंच गाडीचं बुकिंग झालं. जाताना सुनील पुन्हा त्या मोरपंखी रंगाच्या बुटक्या गाडीपाशी आला, टपावरून एकदा हात फिरवला आणि हळूच म्हणाला, "काका, कोनी घेतली तर मला सांगू नका."

ही गाडी नाशकात आली ती किशोरच्या शब्दावर. कंपनीच्या बैठकीत सगळे विक्रेते माना खाली घालून बसले होते. दोन दारांची, जमिनीला टेकलेली हायब्रिड गाडी, कुटुंबाला निरुपयोगी आणि किंमत अशी, की तेवढ्यात घरातल्या सगळ्यांना मावेल अशी मोठी गाडी यावी. शोरूमची मालकीण हर्षाली बैठकीतून उठून बाहेर आली आणि तिनं किशोरला फोन लावला. वडिलांनंतर शोरूम तिच्याकडे आलं होतं, आणि वडिलांप्रमाणे तीही अडलं की किशोरलाच विचारायची.

"काका, आपल्याकडे खपेल का?"

"घ्या ताई. मी विकतो," किशोर म्हणाला.

असं तो का म्हणाला, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. लहानपणी सटाण्याला असताना एकदा त्यांच्या भागातून मोटारींची शर्यत गेली होती. कांद्याच्या चाळीमागच्या बांधावर तो सकाळपासून उभा होता. गाड्या आल्या आणि गेल्या. धूळ मात्र कितीतरी वेळ हवेत राहिली, आणि ती खाली बसेपर्यंत तो पोरगा तिथून हलला नाही. पुढे तो कांद्याचा टेम्पो चालवायला शिकला, मनमाडच्या खेपा केल्या, नाशकात आला आणि गाड्या विकू लागला. लोकांच्या घरात किती माणसं आहेत, आजी चढू शकेल का, डिकीत सिलिंडर मावेल का, हेच तो आयुष्यभर विचारत आला. हे काहीही न विचारता एकदा गाडी विकावी, असं त्याला फार दिवसांपासून वाटत होतं.

लोक आले, नाही असं नाही. कॉलेज रोडचे एक डॉक्टर आले, चालवून परत आल्यावर कितीतरी वेळ उतरलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "घरी विचारलं हो." एक बिल्डर आले. म्हणाले, "गाडी झकास. पण ड्रायव्हर चालवणार, मग मी कुठे बसू?" लग्न ठरलेली एक जोडी फोटोंसाठी भाड्यानं मिळेल का म्हणून विचारून गेली. गंगापूर रोडनं धरणाकडे चक्कर मारून आलेला प्रत्येक माणूस हसत खाली उतरायचा. जरा वेळानं ते हसू ओसरायचं आणि घरातली माणसं एकेक करून डोळ्यांपुढे येऊन बसायची.

प्रत्येक चकरेला किशोर डाव्या सीटवर असायचा. बोलणं हे त्याचं काम, चालवणं गिऱ्हाइकाचं.

पावसाळा संपला, दसरा झाला, दिवाळीत इतर गाड्या हारतुरे घालून बाहेर पडल्या. ही तिथेच. एका सकाळी हर्षालीनं त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"काका, पुण्याच्या शोरूमनं आपली गाडी मागितलीय. ते ट्रेलर पाठवतायत."

किशोर काचेतून बाहेर बघत राहिला. "ताई, माझा अंदाज चुकला."

"नाही हो. ज्यांनी ज्यांनी नको म्हटलं, त्यातल्या एकानंही मनापासून नको म्हटलं नाही. मी इथून बघत होते ना."

तो म्हणाला, "ट्रेलर कशाला? मी नेऊन देतो."

हर्षालीनं त्याच्याकडे नीट पाहिलं. "काकूंनाही घेऊन जा," ती म्हणाली. "परत येताना बसमध्ये एकटे नको."

त्याची बायको आशा महापालिकेच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झाली होती. गाडी सोसायटीच्या दाराशी लागली तेव्हा ती ठेवणीतली साडी नेसून, डबा घेऊन उभी होती. आत बसताना तिनं आधी पाठ टेकवली, मग एकेक पाय उचलून आत घेतला.

"झालं. आता मला बाहेर काढायला क्रेन आणा," ती म्हणाली. मग थांबून, "चालू करा ना."

"चालूच आहे."

"आवाज कुठाय?"

"बॅटरीवर आहे अजून." गाडी दारातून अशी सरकली, की वॉचमननं मान वर केली तेव्हा ती कोपऱ्यावर पोचलीसुद्धा होती. आशानं तोंडावर हात ठेवला आणि लहान पोरीसारखी हसली.

सिन्नरला चहाला थांबले. किशोरनं दोन्ही हात धरून तिला बाहेर काढेपर्यंत भोवती माणसं जमली. कंपनीच्या कपड्यातले दोन कामगार, एक जीपवाला, भाजीची पाटी खाली ठेवून उभी राहिलेली एक बाई.

"मालक, लय भारी!" जीपवाला म्हणाला. "किती देती?"

किशोर सांगू लागला. मोटर कधी लागते, इंजिन कधी जागं होतं, ब्रेक मारला की काय होतं. शोरूममध्ये हे तो कितीदा बोलला असेल, पण तिथे लोकांचे डोळे किमतीच्या पाटीकडे असायचे. इथे कुणाला घ्यायचीच नव्हती. सगळे जीव लावून ऐकत होते.

"तुमचीच ना?" एका कामगारानं विचारलं.

किशोरनं तोंड उघडलं, त्याआधी आशा म्हणाली, "आमचीच."

पुन्हा रस्त्याला लागल्यावर त्यानं दोनदा तिच्याकडे वळून पाहिलं. ती म्हणाली, "असं काय बघता? दुपारपर्यंत आमचीच आहे."

संगमनेरपर्यंत ती खिडकीबाहेर पाहत होती. ऊस, डाळिंबं, मग माळ. एकदम तिनं विचारलं, "आपण व्हॅन घेतली, तेव्हा तुम्हाला असलं काही हवं होतं का?"

त्याच्या आईला, अक्काबाईंना, त्या वर्षांत मागच्या सीटवर आडवं झोपवून दवाखान्यात न्यावं लागायचं. म्हणून व्हॅन घेतली होती. अक्काबाई गेल्या, मग बहिणीची पोरं शिकायला येऊन राहिली, ती पांगली, मुलगा बंगळुरूला गेला. व्हॅन अजून होती. मागच्या दोन्ही रांगा रिकाम्या घेऊन फिरायची.

"तेव्हा असल्या कुठे होत्या," किशोर म्हणाला.

"असत्या तर?"

त्यानं खरंच विचार केला. समोर एक ट्रक होता. किशोरनं त्याला मागे टाकलं. "तरी व्हॅनच घेतली असती."

"हं," आशा म्हणाली. तिला ते आवडलं की नाही, हे त्याला कळलं नाही. मग तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला आणि म्हणाली, "घाट आला. दाबा आता."

"घाटात नको."

"रस्ता मोकळा आहे. मी बसलेय ना शेजारी. दाबा."

चंदनापुरीच्या घाटात त्यानं पाय दाबला. इतका वेळ झोपल्यासारखं पडलेलं इंजिन खालून उठलं. आवाज पाठीतून वर आला आणि चढ जणू सपाट झाला. वळण आलं, गाडी रस्त्याला चिकटून वळली, बाहेर पडली, पुढचं वळण. किशोरच्या मनात किंमत नव्हती, गिऱ्हाईक नव्हतं, दिलेला शब्द नव्हता. साठ वर्षांचा तो माणूस डोळे बारीक करून फक्त पुढचा रस्ता बघत होता. डावीकडे आशानं दाराची मूठ धरली होती, पण हळू करा असं ती एकदाही म्हणाली नाही.

माथ्यावर त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन आपोआप शांत झालं. वारा ऐकू येऊ लागला.

"भारी शे," आशा म्हणाली. नाशकात आल्यापासून ती घरातसुद्धा शाळेतलंच मराठी बोलायची. माहेरची अहिराणी तिच्या तोंडून ऐकून किती वर्षं झाली, हे त्याला आठवेना.

 त्यानं नुसती मान हलवली आणि पाण्याची बाटली तिच्यापुढे केली.

पुण्याच्या शोरूमला पोचले तेव्हा तिथे गिऱ्हाईक वाट बघत बसलं होतं. तिशीच्या आतबाहेरची मुलगी, जीन्स, पाठीला लॅपटॉपची पिशवी. सोबत आईवडील नाहीत, नवरा नाही, विचारायला कुणी नाही. ती गाडीभोवती एक चक्कर फिरली, आत बसली, बाहेर आली आणि तिथल्या माणसाला म्हणाली, "चालेल. हीच."

एवढंच. किशोर बघत राहिला. इतके महिने त्यानं जुळवून ठेवलेलं एकही वाक्य लागलं नव्हतं.

तिथल्या माणसानं ओळख करून दिली, "हे नाशिकहून घेऊन आले."

"अरे वा," ती म्हणाली. "इतकी मस्त गाडी, तिकडे का नाही गेली? काही प्रॉब्लेम होता का?"

कंपनीनं अशा प्रश्नांची उत्तरं पाठ करून घेतलेली असतात. किशोरला त्यातलं एकही सुचलं नाही.

"गाडीत काही नाही," तो म्हणाला. "आमच्याकडे घरं मोठी आहेत."

मुलगी हसली. बंगल्यांबद्दल बोलतोय असं तिला वाटलं असावं. त्यानं खिशातून किल्ली काढली. ती तिथल्या माणसाच्या हातात द्यायची होती, पण त्यानं ती सरळ तिच्याच हातात ठेवली. "घाटात चालवून बघा एकदा," म्हणाला. "मोकळा रस्ता बघून."

नाशिकची बस नाशिक फाट्यावर मिळाली. गर्दी होती, पण मागे दोघांना जागा झाली. आशा खिडकीशी बसली. खेडला बस बराच वेळ रखडली, नारायणगावला लोक चढले, उतरले. डबा तसाच राहिला होता. आळेफाट्यापुढे दोघांनी थोडं थोडं खाल्लं.

"त्या पोरीला आवडली हो," आशा म्हणाली.

"आवडली."

"चांगली चालवेल?"

"चालवेल."

 उन्हं उतरली. बस घाटाच्या माथ्यावर आली आणि एका उसाच्या ट्रॉलीमागे रांगत उतरू लागली. ड्रायव्हरला घाई नव्हती. एका वळणाशी ट्रॉली जरा बाजूला झाली, पुढचा रस्ता मोकळा दिसला, आणि किशोरचा उजवा पाय बसच्या पत्र्यावर हळूहळू दाबला जाऊ लागला. तो समोर बघत होता. पुढच्या वळणाला पाय सुटला, वळण सरल्यावर पुन्हा दाबला गेला.

आशानं ते पाहिलं.  दोघांच्या पायांमध्ये ठेवलेली डब्याची पिशवी तिनं उचलून मांडीवर घेतली, त्याच्या पायाला नीट जागा झाली, आणि ती पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली.