चौथ्या ओळीतला न

पाणीपुरवठा खात्याच्या छपाई विभागात एकूण तीन टेबलं होती. एक साहेबांचं, दुसरं कॉम्प्युटरवर मजकूर जुळवणाऱ्या ऑपरेटरचं आणि तिसरं, खिडकीशेजारचं, वेलांटीबाईंचं. खात्यातून बाहेर जाणारा प्रत्येक छापील कागद या तिसऱ्या टेबलावरून जायचा. बाईंनी तपासून खाली सही केली, की मगच तो छापायला जाई.

हे नाव त्यांना कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते सगळ्यांना माहीत होतं. एकदा एका इंजिनिअरनं ‘नळ दुरुस्ति’ असं लिहून आणलं, तर बाईंनी कागद परत केला आणि म्हणाल्या, “आधी दुरुस्तीची दुरुस्ती करून आणा.” तो बिचारा कागदाकडे बघून बघून थकला आणि शेवटी शिपायाला विचारायला गेला. बावीस वर्षं बाईंनी अशी कितीजणांची डोकी खाल्ली होती. लोक हसत, चिडत, पण कागद आणून देत.

त्या आठवड्यात गावाच्या खालच्या भागात सांडपाण्याची वाहिनी फुटली आणि ते पिण्याच्या पाण्यात मिसळलं. सोमवारी दुपारी साहेबांनी घाईघाईत दोन वाक्यं सांगितली: पाण्यात सांडपाणी मिसळल्याचा संशय आहे, सर्वांनी पाणी वीस मिनिटे उकळून, गार करून प्यावे. बाईंनी ती उतरवून घेतली. मग त्यांच्या मनात आलं, मोठी माणसं स्वतःपुरतं उकळतील, पण पोर खेळून आलं की थेट नळाला तोंड लावतं. म्हणून त्यांनी तिसरं वाक्य स्वतःच्या मनानं घातलं: न उकळलेले पाणी लहान मुलांना देऊ नये. साहेबांनी मान हलवली.

पहिल्या प्रुफात दोन चुका निघाल्या. बाईंनी लाल पेनानं त्या दाखवल्या. दुसरं प्रूफ आलं तेव्हा छापखान्याचा माणूस दारात उभा होता आणि साहेब खुर्चीतून अर्धे उठून बघत होते. बाईंनी त्या दोन चुका सुधारल्यात का तेवढं पाहिलं आणि सही केली.

गुरुवारी सकाळी त्या बसथांब्यावर उभ्या होत्या. शेजारच्या भिंतीवर सूचना चिकटवलेली होती. आपला कागद छापून आला की तो एकदा वाचायचा, ही त्यांची जुनी खोड. त्यांनी वाचला. पुन्हा वाचला. बस आली आणि गेली.

‘उकळलेले पाणी लहान मुलांना देऊ नये.’

ऑफिसात शिरताच त्यांनी पर्ससुद्धा खाली ठेवली नाही. “अहो, चौथ्या ओळीतला न कुठं गेला?”

ऑपरेटरनं फाइल उघडली. थोडा वेळ बघितलं. “हां, तो. तो ओळीच्या शेवटी एकटाच लोंबत होता, बाई. वाईट दिसत होतं. खालच्या ओळीत ओढायला गेलो असेन, तेव्हा उडाला असणार.” मग त्यानं अगदी मऊ आवाजात विचारलं, “पण तुमची सही आहे ना?”

बाईंनी कपाटातून दुसरं प्रूफ काढलं. न नव्हता. खाली त्यांची सही होती, ठसठशीत, तारखेसकट.

त्या साहेबांच्या टेबलापाशी गेल्या. साहेबांनी सूचना तीनदा वाचली. “बरोबर तर आहे.”

बाईंनी ओळीवर बोट ठेवलं.

“अच्छा, हे होय,” साहेब म्हणाले. “पण आधीच्या वाक्यात उकळून प्या म्हटलंयच की. वाचणाऱ्याला अर्थ कळतो हो. तुम्ही वेलांटीसुद्धा सोडत नाही, म्हणून तुम्हाला एवढं मोठं दिसतंय.”

“साहेब, ही वेलांटी नाही. नेमका उलटा अर्थ होतोय.”

“मग? हजारो कागद लागलेत भिंतींना.”

“गाडी फिरवू या भोंगा लावून. आत्ताच्या आत्ता. मी बसते गाडीत, मी सांगते.”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. वाईट माणूस नव्हता तो. “भोंग्यावरून सांगायचं म्हणजे खात्यानं चूक केली असं सांगायचं. ते माझ्या हातात नाही. मी वर कळवतो. शुद्धिपत्रक काढावं लागेल, त्याला मंजुरी लागेल. सोमवारपर्यंत बघू.”

“सोमवारपर्यंत मुलं पाणी पिणार नाहीत का?”

साहेबांनी फोन उचलला, पण वरचे साहेब बैठकीत होते.

दुपारी बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, जाड काळ्या शाईचं पेन विकत घेतलं आणि खालच्या भागात गेल्या. दिसेल त्या कागदावर ‘उकळलेले’च्या आधी न काढायचा, असं त्यांनी ठरवलं. पण त्या शब्दाआधी जागाच नव्हती. न कधी वरच्या ओळीला चिकटे, कधी काळा डाग होऊन बसे. कागद उंचावर असला तर हात पोचेना. एका रेशन दुकानाबाहेर त्या टाचा उचलून लिहीत होत्या, तर मागून एक म्हातारबुवा ओरडले, “अहो बाई, सरकारी कागदावर काय गिरगटताय? चांगल्या शिकलेल्या दिसता की!”

“चुकलंय ते. मी नीट करतेय. मीच लिहिलाय तो कागद.”

“मग लिहितानाच नीट लिहायचा होता,” म्हातारबुवा म्हणाले आणि बाई तिथून हलेपर्यंत पहारा देत उभे राहिले.

अंधार पडेपर्यंत त्यांच्या किती गल्ल्या झाल्या आणि किती राहिल्या याचा त्यांना अंदाजच लागेना. त्यांनी काही बायकांना थांबवून तोंडानंही सांगितलं. एक म्हणाली, “हो, हो, वाचलं आम्ही,” आणि चालू लागली. काय वाचलं, ते विचारायला बाई तिच्यामागे चार पावलं धावल्या. ती घाबरली आणि तिनं घाईघाईनं दार लावून घेतलं.

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. त्या तळमजल्यावर राहायच्या आणि भाऊ-वहिनी वरच्या मजल्यावर. भावाची मुलगी चार वर्षांची. दिवसभर गरगर फिरायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. त्या रात्री बाई वर गेल्या तेव्हा वहिनी ओट्याशी होती. ओट्यावर एक मोठं पातेलं होतं आणि त्याच्या शेजारी, वर ताटली झाकलेला एक छोटा तांब्या.

“हे काय?” बाईंनी तांब्याकडे बोट केलं.

“भिंगरीचं पाणी. तिचं वेगळं ठेवते,” वहिनी म्हणाली. “आमचं उकळलेलं आणि तिचं साधं.”

बाईंनी ताटली उचलली. “सोमवारी मी तुला सांगून गेले होते ना गं, सगळ्यांसाठी उकळ म्हणून?”

“सांगितलंत की. दोन दिवस उकळलंही. पण मग तुमच्याच ऑफिसच्या कागदात आलं ना, वन्सं, की लहानांना उकळलेलं देऊ नका. म्हटलं, मागाहून डॉक्टरांनी सांगितलं असेल. उकळल्यानं पाण्यातलं सत्त्व जातं म्हणे.” वहिनीनं नणंदेच्या तोंडाकडे पाहिलं. “का हो? काय झालं?”

बाईंनी तांब्या मोरीत उपडा केला. मग काय झालं ते सांगितलं. वहिनीनं सगळं ऐकलं, पण तिच्या लक्षात येईना. “एक न?” ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. “म्हणजे कागदात न नव्हता, एवढंच?”

शुक्रवारी भिंगरीला जुलाब सुरू झाले. शनिवारी तिला सरकारी रुग्णालयात नेलं. मुलांचा विभाग भरलेला होता. एकेका खाटेवर दोन-दोन पोरं आडवी होती. भिंगरीच्या हाताला सलाईन लागलं. भाऊ औषधांच्या रांगेत, वहिनी डोळे पुसत बसलेली आणि बाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या. भावानं त्यांना एक शब्दही लावला नाही. त्यानं लावला असता तर बरं वाटलं असतं.

शेजारच्या खाटेवर दीड-दोन वर्षांचा मुलगा होता. त्याची आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून द्यायची. वहिनीला धीर द्यायला ती आपणहोऊन बोलू लागली. “माझं लेकरू तर नळाचं पाणी पीतच नव्हतं हो. मी उकळूनच देत होते. वास येत होता ना पाण्याला! मग दुकानदारानं तो कागद वाचून दाखवला. मला वाचता येत नाही. म्हणाला, लहानग्यांना उकळलेलं द्यायचं नाही, सरकारचं सांगणं आहे. मग मी बंद केलं.”

वहिनीनं बाईंकडे पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

आता सांगावं, असं बाईंना वाटलं. सांगून त्या बाईला काय मिळणार होतं? आणि न सांगून? त्यांनी दोन्हींचा विचार केला आणि तेवढ्यात नर्स सलाईन बदलायला आली. सांगायचं राहून गेलं.

सोमवारी मंजुरी आली. बाईंनी साहेबांच्या हातापाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. “सगळी सूचना नव्यानं छापा, साहेब. मोठ्या अक्षरात. नुसती चूक दाखवू नका, कुणाला कळणार नाही.”

“शुद्धिपत्रकाचा नमुना ठरलेला असतो, बाई. त्यात फरक केला तर पुन्हा वर पाठवावं लागेल. पाठवू का?”

पुन्हा वर म्हणजे आणखी तीन-चार दिवस. बाईंनी नाही म्हटलं.

ऑपरेटरनं प्रूफ आणून समोर ठेवलं. तो चार दिवसांत वाळल्यासारखा झाला होता. कागदावर एकच वाक्य होतं: उपरोक्त सूचनेतील चौथ्या ओळीत ‘उकळलेले’ या शब्दाऐवजी ‘न उकळलेले’ असे वाचावे. वर मोठ्या अक्षरात मथळा होता, ‘शुद्धीपत्रक’. धि दीर्घ. आणि उपरोक्त म्हणजे वर सांगितलेली, तर वर काहीच नव्हतं. बाईंचं लाल पेन उचललं गेलं. दुरुस्त करायचं म्हणजे नवीन प्रूफ, नवीन प्रूफ म्हणजे छापखान्याची आजची वेळ हुकणार. त्यांनी वाक्यातला न पाहिला. बोट ठेवून पुन्हा पाहिला. आणि लाल पेन ठेवून साध्या पेनानं त्या मथळ्याखाली सही केली.

“बाई, धि…” ऑपरेटरच म्हणाला.

“असू दे,” बाई म्हणाल्या. “जा लवकर.”

बुधवारी शुद्धिपत्रकं लागली. रुग्णालयाच्या फाटकाशेजारीही एक होतं. मूळ सूचना तिथं कधी लागलीच नव्हती. दोन माणसं कागदासमोर उभी होती.

“कसली चौथी ओळ?” एकानं विचारलं.

“असेल काहीतरी त्यांचं आपसातलं,” दुसरा म्हणाला.

बाईंनी त्यांना थांबवून समजावून सांगितलं. पहिल्यानं ऐकून घेतलं, म्हणाला, “पण वाहिनी तर कालच दुरुस्त झाली ना? आता पाणी चांगलं आहे.” ते खरं होतं.

भिंगरीला त्याच दिवशी घरी सोडणार होते. ती खाटेवर बसून सलाईनची पट्टी नखानं खरवडत होती. शेजारची खाट रिकामी होती, चादर बदललेली. बाईंनी वहिनीकडे पाहिलं. वहिनी पिशवी भरता भरता हळूच म्हणाली, “पहाटे.”

इस्त्रीवाली बाहेरच्या बाकावर बसली होती. तिचा नवरा गाडीची सोय करायला गेला होता. तिच्या हातात घडी केलेला कागद होता. वेलांटीबाई तिच्याशेजारी बसल्या. सांगायचंच, असं ठरवून बसल्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं, “तो पाण्याचा कागद आहे ना, तो मी…”

“ताई, तुम्हाला वाचता येतं ना?” ती बाई म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं. “हा डॉक्टरांनी दिलाय. आमचे हे आल्याशिवाय मला कळायचं नाही. काय लिहिलंय बघा बरं.”

बाईंनी घडी उघडली. मुलाचं नाव, आईचं नाव, वय एक वर्ष नऊ महिने, वेळ, कारण. त्यांनी सवयीनं अक्षरन् अक्षर तपासलं. मग सावकाश वाचून दाखवलं.

ती बाई ऐकत होती.

“लेकराचं नाव कुठं आहे?”

बाईंनी तिचं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवलं.

“परत एकदा वाचता का, ताई?”

बाईंनी वरपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.