शिट्टीची गोळी

तिनं मुलगा बघायच्या आधीच होकार देऊन टाकला होता, आणि तो होकार मुलाला नव्हताच, गोळीला होता. हे तिनं फक्त थोरल्या बहिणीच्या कानात सांगितलं. बहीण म्हणाली, "अगं, नवरे काही बरणीत ठेवून विकत नाहीत. नीट बघून तरी घे." पण बघायचं काय राहिलं होतं? शिट्टीची गोळी जिथं होते ते घर. त्या घरात वाईट माणूस कसा असेल?

वडील शिंपी, त्यामुळे लहानपणी तिला ती गोळी कोटाच्या बटणासारखी वाटायची. फिकट हिरवी, चपटी, दोन्ही बाजूंनी जराशी खोलगट आणि मधोमध बारीक भोक. ओठांत धरून फुंकली की वाजायची. नवी असताना आवाज तिखट, पाखरासारखा. चोखत जावं तसं भोक मोठं व्हायचं, आवाज बसत जायचा आणि शेवटी नुसती हवा. चव लिंबाची, आणि तिच्या मागून हळूच येणारा पुदिना. शाळेत कोणी शिट्टी वाजवली की सगळा वर्ग तोंड मिटून साळसूद बसायचा आणि बाई गालाचे फुगवटे बघून चोर पकडायच्या. तिला तीनदा बाकावर उभं केलं होतं. तिसऱ्यांदा तिनं उभ्या उभ्या उरलेली गोळी वाजवली, तेव्हा वडिलांना बोलावणं गेलं.

त्या गोळीची जन्मकथा शाळेतल्या प्रत्येक पोराला पाठ होती. दोघं भाऊ. थोरले लेथवर काम करायचे, धाकटे बेकरीत भट्टीवर. दोघांनी मिळून बेकरीमागच्या शेडमध्ये गोळ्या करायला घेतल्या. धाकटे साखरेचा पाक करून संगमरवरी फरशीवर ओतायचे, थोरले तो गरम असतानाच पितळी रुळांतून काढायचे. रुळांवर साचे कोरलेले असत, त्यातून गोळ्यांची चादर बाहेर पडायची. एकदा थोरल्यांनी नवे रूळ केले आणि साच्यातले खिळे चुकून लांब राहिले. सगळ्या गोळ्यांना भोकं पडली. अख्खी कढई वाया गेली म्हणून दोघं कपाळाला हात लावून बसले. धाकट्यांनी एक गोळी तोंडात धरली, हताश होऊन उसासा टाकला, आणि ती वाजली.

भोक एकाचं, फुंक दुसऱ्याची. पोरं ही गोष्ट सांगताना शेवटी उसासा टाकून दाखवायची.

लग्न होऊन ती त्या घरात आली. सासऱ्यांना सगळे थोरलेच म्हणत आणि तिला सगळे सूनबाई म्हणू लागले. दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं तिला शेड दाखवायला नेलं. शेडच्या मधोमध विटांची भिंत होती. नवी, गिलावा न केलेली.

"पलीकडे काय आहे?" तिनं विचारलं.

"काका," नवरा म्हणाला.

सासूबाईंनी बशीत गोळ्या आणून ठेवल्या. तिनं एक उचलली, आधी वाजवली. सगळे हसले. मग जीभ लावली. पुदिना पुढे होता, लिंबू कुठंच नव्हतं आणि तळाशी जळकट कडू चव होती. तिनं ती गोळी पूर्ण खाल्ली, कारण सगळे तिच्याकडे बघत होते.

काय झालं होतं ते तिला भांडी घासता घासता सासूबाईंकडून कळलं. एका मासिकाचा माणूस गोळीवर लिहायला आला होता. धाकटे तेव्हा बायकोच्या बाळंतपणासाठी सासुरवाडीला गेले होते. मासिकवाल्यानं विचारलं, ही गोळी काढली कोणी? थोरल्यांनी रुळावर हात ठेवून फोटो काढून घेतला आणि सांगितलं, मीच काढली. तसंच छापून आलं. धाकटे परत आले, त्यांनी ते वाचलं आणि म्हणाले, "दादा, एवढंच छापून आण, की दोघांनी काढली." थोरले म्हणाले, "छापलेलं आता पुसता येतं का? आणि भोक कोणी पाडलं होतं?" त्यावर धाकट्यांनी कढई उचलली. वाटणी झाली. रूळ एकीकडे, पाकाचा हात दुसरीकडे.

सूनबाईला वाटलं, असे रुसवेफुगवे चालतातच, वर्षभरात निवळेल. ती भिंतीलगत बसून गोळ्या कागदात गुंडाळायची. दुपारी पलीकडे पाक उकळायला लागला की लिंबाचा वास वरच्या फटीतून इकडे यायचा आणि तिचे हात आपोआप थांबायचे. थोरले उठून बाहेर जायचे. त्यांनी पाकाला माणसं ठेवली, बदलली, पुन्हा ठेवली. एकाचा पाक जळायचा, दुसऱ्याचा दाताला चिकटायचा. पोरं शिट्टी वाजवून गोळी थुंकून टाकू लागली. धाकट्यांचा पाक तोच होता, पण रूळ नव्हते. ते कात्रीनं वड्या कापायचे. चव जिभेवर ठेवावी अशी, पण तशा दिसणाऱ्या वड्या ढिगानं मिळत होत्या. ती कधी बाजारात गेली तर लांबच्या दुकानातून त्यांच्या वड्या घ्यायची आणि घरी पोचायच्या आत संपवायची.

मग रंगीत कागदातल्या, चघळायच्या, फुगवायच्या गोळ्या आल्या. नवऱ्यानं पावाची गाडी चालवायची नोकरी धरली. सासूबाई गेल्या. धाकट्यांच्या घरातून त्या वेळी डबा आला, माणूस आला नाही. रुळांवर पोतं टाकून ठेवलं.

थोरल्यांचं विसरणं चष्म्यापासून सुरू झालं. पुढे ते रस्ता विसरले, मग मुलाला. सूनबाईला मात्र ते "आमच्याकडच्या बाई" म्हणून ओळखायचे आणि तिच्या हातून जेवायचे. एवढं सगळं गेलं तरी रोज शेडमध्ये जाऊन पोतं उचलायचे आणि रुळाचं हँडल फिरवून बघायचे. हात चुकत नव्हता.

ते बघूनच तिच्या मनानं घेतलं, की एकदा, निदान एकदा, दोघांनी मिळून एक कढई काढावी. नवरा म्हणाला, "कशाला उकरून काढतेस? आता काय उरलंय त्यात?" त्याचं खरंच होतं. पण तिला ती गोळी खायची होती. इतकी वर्षं त्या घरात राहून तिला ती एकदाही मिळाली नव्हती.

ती भिंतीला वळसा घालून धाकट्यांच्या दारात गेली. ते फरशी खरवडत होते. एकटेच. बायको गेली होती आणि मुलगी दूरदेशी.

"काका, तुम्हाला बोलावलंय."

"कोणी? त्यानं?"

"हो."

धाकट्यांनी मान वर केली नाही. "सूनबाई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

"नाही बोलावलं," ती म्हणाली. "त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. पण हात चालतो. तुम्ही पाक केलात तर ते रूळ फिरवतील."

धाकट्यांनी फरशीचा राहिलेला कोपरा खरवडून काढला.

"मला ओळखेल तो," धाकटे म्हणाले. "उद्या कढई घासून ठेवा. लिंबं मी आणतो. तुमच्याकडच्या लिंबांवर माझा भरवसा नाही."

दुसऱ्या दिवशी धाकटे धुतलेला सदरा घालून आले. तो सदरा पाक करायला घालतात तसा नव्हता. ते उंबऱ्यात थांबले. थोरले खुर्चीवर बसून रूळ पुसत होते. त्यांनी वर बघितलं, नीट निरखून बघितलं आणि म्हणाले, "या. नवीन का? पाक येतो ना करायला? इथं येतात ते सगळे जाळून ठेवतात."

धाकट्यांनी सूनबाईकडे बघितलं. ती मान खाली घालून उभी होती.

"येतो," ते म्हणाले आणि शेगडीपाशी गेले.

पाक उकळू लागला तसे दोघंही बदलले. धाकट्यांनी अधूनमधून थेंब गार पाण्यात टाकून दातांत धरून बघितला. तो टचकन मोडला, तेव्हा कढई उतरवली. लिंबू पिळलं, पुदिन्याचा अर्क घातला, फरशीवर ओतलं आणि पात्यानं कडा आत दुमडू लागले. थोरले न सांगता उठून हँडलपाशी उभे राहिले. इतक्या वर्षांचा खंड पडलाय असं कोणाला वाटलं नसतं. शेडभर तोच वास. सूनबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचंच हसू आलं.

"हात चांगला आहे तुमचा," थोरले म्हणाले. "कुठं शिकलात?"

"बेकरीत."

"हं. या गोळीचं तुम्हाला ठाऊक नसेल. ही मी काढली."

धाकट्यांचं पातं चालूच होतं. "एकट्यानं?"

"एकट्यानं."

"बाबा, तुमचे भाऊ होते ना बरोबर?" सूनबाई घाईनं म्हणाली. "त्यांनी नाही का ती पहिल्यांदा वाजवून बघितली?"

थोरले विचारात पडले. खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होते. मग सौम्यपणे, तिची समजूत घालावी तसे म्हणाले, "नाही हो बाई. मला भाऊ नाही."

धाकट्यांनी पातं फरशीवर ठेवलं. हात पुसले.

"काका, त्यांना कळत नाहीये ते काय बोलतायत."

"तेच तर," धाकटे म्हणाले. "तेव्हा निदान कळून बोलला होता."

ते बाहेर गेले. पाक गार व्हायला लागला होता. तिनं पातं घेतलं, कडा दुमडायला गेली, बोटं पोळली. पाक एका बाजूनं कडक झाला होता. थोरले हँडल धरून वाट बघत उभे होते. "आणा लवकर," ते म्हणाले, "जाईल हा." आणि तो गेलाच. फरशीवर काचेसारखा थिजून बसला.

संध्याकाळी नवऱ्यानं छिन्नीनं तो फोडून काढला. तिनं एक तुकडा तोंडात टाकला. लिंबू, आणि मागून पुदिना. चव जशीच्या तशी. तिनं तुकडा नवऱ्यापुढे धरला, तो म्हणाला, "दात दुखतोय." मग ती एकटीच खात राहिली, तुकड्याची धार लागून जीभ सोलवटली तोवर.

पुढं कितीतरी दिवस थोरले रोज सकाळी विचारायचे, "तो माणूस नाही आला? हात चांगला होता त्याचा. बोलवा त्याला." ते ऐकून तिला राहवेना. ती पुन्हा पलीकडे गेली आणि धाकट्यांना शब्दन्‌शब्द सांगितलं.

ते पायरीवर बसले होते. शेगडी विझलेली होती.

"कोणाचा हात चांगला होता म्हणाला?"

"तुमचा, काका."

"माझा नाही. त्या नव्या माणसाचा." त्यांनी तिला बसायलाही सांगितलं नाही. "आता येत जाऊ नका, सूनबाई. तुम्ही आलात की मला पुन्हा वाटायला लागतं, ओळखेल तो."

थोरले थंडीत गेले. धाकटे स्मशानात आले, मागं उभे राहिले, कोणाशी न बोलता निघून गेले. त्यांनी पुन्हा पाक केला नाही. मुलगी येऊन त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. ते तिकडंच वारले, ही बातमी दोन महिन्यांनी पोचली, तीही भलत्याच माणसाकडून.

शेड टायरवाल्याला दिली. सूनबाईनं कापडाच्या दुकानात घड्या घालायचं काम धरलं. तिथल्या बायका डबा खाताना आपापल्या लहानपणीचं बोलत बसायच्या. एकदा एकीनं विचारलं, "तुमच्या वेळी ती वाजणारी गोळी होती ना हो? कोणी काढली होती ती?"

"कोण जाणे," ती म्हणाली, आणि डब्याला झाकण लावून पुढचा तागा ओढून घेतला.