माउसच्या अकरा प्रदक्षिणा

गुरुवारी दुपारी आमच्या वाचनालयाच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. एवढी माणसं पुस्तकांसाठी कधी आली नव्हती. आत टेबलावर आमचा जुना संगणक भस्माचे पट्टे ओढून बसला होता, आणि साताऱ्याहून गाडी करून आलेले वीरधवल महाराज माउस धरून गोल गोल फिरवत होते. दर पाच मिनिटांनी अकरा प्रदक्षिणा, तोंडाने मंत्र. रोज दुपारी हमखास मरून पडणारं यंत्र त्या दिवशी दोन तास जिवंत राहिलं.

"बगा, कसं गपगुमान चाललंय!" समितीचे अध्यक्ष धैर्यशीलराव हात जोडून म्हणाले.

मी तिथला ग्रंथपाल. यात चूक माझीही आहे, ती आधीच सांगून टाकतो. जुनी विंडोज फार रखडायला लागली म्हणून मी तिच्या जागी पेनड्राइव्हवरून लिनक्स टाकलं. फुकट, हलकं आणि व्हायरसची कटकट नाही. पहिले आठ दिवस नव्याच्या नवलाईनं त्याच्यापुढं कुणी ना कुणी बसलेलंच असायचं, आणि कोरेगावच्या बाजारात भाजी घेतानाही मी त्याचंच कौतुक सांगत होतो. मग ते रोज दुपारी बंद पडायला लागलं. पडदा काळा, पंखा चालू, कळा दाबून बोटं दुखली तरी दाद नाही. पोरांचे अर्धवट भरलेले भरतीचे अर्ज पुसले जायचे. इंटरनेटवर विचारलं तर सात जणांनी आठ उपाय सांगितले. मी केबल बदलली, रॅमची पट्टी पुसून बसवली, सगळं दोनदा नव्यानं टाकलं. लोकांना मात्र "अपडेट चालू आहे" असं ठोकून द्यायचो. "मला कळत नाही" म्हणायची लाज वाटली, आणि तेवढ्या फटीतून महाराज आत शिरले.

आल्याआल्या त्यांनी मला विचारलं, "याचं चिन्ह काय?"

"लिनक्सचं? पेंग्विन."

"राहतो कुठे?"

"दक्षिण ध्रुवाकडे."

"दक्षिण!" महाराजांनी डोळे मिटले. "यमाची दिशा! यमाचा पक्षी आणून टेबलावर बसवलात. त्यात वायब्रेशन बिघडवणारं कुणीतरी आसपास आहे. बंद कधी पडतो?"

"चारला," धैर्यशीलराव म्हणाले. "लीलाबाई झाडाय येती तवा."

"तिचा नवरा?"

"वारला की. सा वर्सं झाली."

महाराजांनी सावकाश मान डोलावली. रोग्याला न बघता इतक्या झटपट निदान करणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

लीलाबाई अकरा वर्षं वाचनालय झाडत होत्या. दुसऱ्याच दिवशी समितीनं त्यांना घरी बसवलं आणि माउस फिरवायला सभासदांच्या पाळ्या लावल्या. यंत्र चाललं, म्हणजे गुण आलाच! मग गाव त्याच्याही पुढं गेलं. पिठाच्या गिरणीत त्यांना दाराबाहेर थांबवू लागले. शेजारचा माणूस मोटर सुरू करताना "वैनी, जरा लांब व्हा" म्हणू लागला. ते ऐकून माझा संताप झाला, आणि त्यातला निम्मा स्वतःवरच होता.

आठ दिवसांनी त्या वाचनालयाची किल्ली परत द्यायला आल्या.

"सर, येक इचारू का? गेल्या म्हैन्यात मी लेकीकडं लोणंदला हुते. तवा न्हवतं व्हय बंद पडलं?"

मी आठवून पाहिलं. दोनदा पडलं होतं. एकदा मी ग्रामसभेला गेलो तेव्हा आणि एकदा जेवायला गेलो तेव्हा.

"मी झाडाय लागले की धूळ उडती, म्हणून तुमी समदी समोर च्या प्यायला जाता," त्या म्हणाल्या. "मी त्येला हात बी लावत न्हाई. त्ये येकटं पडलं की मरतंय. त्येचा दोष मला कशापायी?"

तीन आठवड्यांत मला जे दिसलं नाही ते या बाईंनी केर काढता काढता हेरलं होतं. मी यंत्राची नोंदवही उघडली. लिनक्स स्वतः काय काय करतं ते सगळं तिथं लिहून ठेवतं. मी नवशिका, त्या ओळींचीच धास्ती घेऊन बसलो होतो. वाचलं तर प्रत्येक वेळी शेवटची नोंद एकच होती, की झोपायला जातो. जागं झाल्याची नोंद कुठंच नव्हती. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की ते झोपायचं, आणि एकदा झोपलं की उठताना अडकायचं.

पुढच्या गुरुवारी महाराज पुन्हा आले. भरल्या गर्दीत मी टाइप करत बसलो आणि लीलाबाईंना झाडायला सांगितलं. त्यांनी टेबलाखालून झाडलं, पार संगणकाला केरसुणी लागेल इतक्या जवळून झाडलं. वीस मिनिटं झाली तरी यंत्र ठणठणीत. मग मी त्यांना रस्त्यापलीकडे जाऊन उभं राहायला सांगितलं.

"आता महाराज, तुम्ही बसा. मंत्र म्हणा, फक्त माउसला हात नको."

"माउस हे माध्यम आहे," महाराज म्हणाले. "माध्यमाशिवाय ऊर्जा..."

"पक्ष्याला भ्याला काय, म्हाराज?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि महाराजांना बसणं भाग पडलं.

अकराव्या मिनिटाला पडदा काळा झाला. धैर्यशीलरावांनी भीत भीत कळ दाबली. पंखा घरघरला, पडदा काळाच राहिला. मी बटण दाबून यंत्र पुन्हा चालू केलं आणि दर पाच मिनिटांनी कांदाभजीची कृती मोठ्यानं म्हणत माउस हलवला. अर्धा तास झाला तरी यमाचा पक्षी खूश होता.

"म्हंजी मंतरानं न्हाई, हलवल्यानं?" धैर्यशीलरावांनी विचारलं.

"हलवल्यानं." मी सेटिंग उघडून 'झोप' बंद केली. त्यानंतर ते यंत्र एकदाही अडकलं नाही. महाराजांना तेवढ्यात एक तातडीचा फोन आला आणि ते गाडीत बसले. पूर्वी त्यांचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

धैर्यशीलरावांनी लीलाबाईंपुढं किल्ली धरली. त्यांनी हात पुढं केला नाही.

"आदी गिरणीत चला," त्या म्हणाल्या. "तितं समद्यांम्होरं सांगा, हिच्यामुळं न्हवतं म्हणून. मग घीन किल्ली."

आम्ही सगळे गेलो. धैर्यशीलरावांनी गिरणी थांबवायला लावली आणि मान खाली घालून ते सांगितलं. लीलाबाईंनी तिथंच किल्ली घेतली.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. काही बिघडलं तर 'कशामुळे' ते शोधा. 'कुणामुळे' विचारलंत की उत्तर द्यायला कुणीतरी गाडी करून येतोच, आणि ज्याच्या मागे कुणी नाही त्याच्यावरच बोट ठेवून जातो. आणि माहीत नसेल तर सरळ 'माहीत नाही' म्हणा. मी ते पहिल्याच दिवशी म्हटलं असतं, तर एका बाईला दळणाचा डबा घेऊन उन्हात उभं राहावं लागलं नसतं.