नजर चुकलेला फोटो

"प्रॉम्प्ट? नाटकात विंगेतून देतात तो?" म्हाताऱ्या फोटोग्राफरनं विचारलं.

"तसलाच, बाबा," सून हसली. "आईंचा फोटो कॉम्प्युटरला दाखवायचा. त्यात काय काय दिसतं ते तो लिहून देतो. मग त्या वर्णनावरून नवा, मोठा, रंगीत फोटो करायचा."

"कर की. भिंतीला दाखव. मला काय दिसणार?"

म्हणाले चेष्टेत, पण चाळीस वर्षं लोकांचे चेहरे टिपलेल्या या माणसाची दृष्टी दोन वर्षांपूर्वी गेली होती, आणि हल्ली वारलेल्या बायकोचा चेहराही आठवेनासा झाला होता. आवाज आठवे, टोमणे तर तोंडपाठ होते. चेहरा मात्र काही केल्या जुळत नसे. याची त्यांना फार भीती वाटे, आणि ती सांगायची तरी कुणाला?

दिव्याखाली अंधार म्हणतात तसं, घरात तिचा एकच फोटो होता, तोही चुकलेला. स्टुडिओ उघडला त्या दिवशी लाइट तपासायला त्यांनी तिला स्टुलावर बसवलं होतं. "लेन्समध्ये बघ" असं तीनदा बजावलं, पण बाईसाहेब ऐकतील तर शपथ. फोटो फुकट गेला म्हणून ते दिवसभर धुमसत होते.

सून वाचू लागली. "तिशीच्या आतली स्त्री. डाव्या भुवईत बारीक खूण. ओठ मिटलेले, हसू दाबून धरल्यासारखे."

"अगं, खूण होती! खरंच होती!" ते पुढे झुकले. भुवई आली, मागोमाग कपाळ, मग ओठ. डार्करूममध्ये डेव्हलपरच्या ट्रेतल्या कागदावर उमटावा तसा चेहरा उमटत होता.

"नजर कॅमेऱ्यात नाही. किंचित वर, उजवीकडे. तिथे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी ती मायेनं बघत असावी."

त्या दिवशी कॅमेऱ्याच्या स्टँडच्या उजव्या अंगाला, फोटो टिपायचं बटण हातात धरून तेच उभे होते.

"यंत्राला कसं कळलं गं?"

"काय माहीत, बाबा. मी हा फोटो इतकी वर्षं बघतेय, माझ्या नाही लक्षात आलं." तिनं कीबोर्ड पुढे ओढला. "नव्या फोटोत नजर सरळ करू? एक वाक्य बदललं की झालं."

"खबरदार!" आवाज चढला आणि लगेच उतरला. "ती बरोबरच बघत होती. मीच आपला लाइटच्या नादात. वाच पुन्हा, नजरेपासून."

सून वाचू लागली. त्यांनी चाचपडत सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि ते ताठ बसले.