माझ्या कडीतलं दुसरं सील

मी कंटेनर बोलतोय. लोखंडाचा, लांबलचक, आता जरा पोचे पडलेला. शाळेत कधी गेलो नाही. अंगावर नंबर रंगवलाय, तोही लोकच वाचतात. म्हणून सावकाश सांगतो. टेका क्षणभर.

वेल्डिंगच्या ठिणग्यांत जन्मलो आणि सारा जन्म क्रेनला लोंबकळलो. बुटांपासून पंख्यांपर्यंत काय काय पोटात घातलं, पण ढेकर कधी दिला नाही. माल भरला की माझ्या दाराच्या कडीत सील ठोकत. सील म्हणजे नंबर घातलेला बोटभर लोखंडी खिळा. तो कापल्याशिवाय दार उघडत नाही. माझी अब्रू काय ती तेवढीच.

मला बंदरातून गोदामात नेणाऱ्या ड्रायव्हरला सगळे मामा म्हणत. गाडी काढण्याआधी तो माझ्या पत्र्यावर थाप मारायचा. "चला म्हातारबा, सांभाळून." स्वतःचे केस पांढरे, अन् म्हातारबा मी!

एकदा पोटात शिलाई मशीन होत्या. गोदामाच्या गेटवर रखवालदाराने हातातला कागद पाहिला, मग माझं सील पाहिलं.

"मामा, हे सील ते नव्हे. वाटेत कुठं थांबला होतात?"

"थांबलो की. चहाला."

"चहाला, का मशीन विकायला?"

मामाचा हात माझ्या पत्र्यावर होता. तो काढून त्याने खिशातला गेटपास चाचपला. चोरीचा ठपका आला की गेटपास जातो, आणि या वयात दुसरी गाडी कोण देतो?

खरं मला ठाऊक होतं. बंदरात कस्टमच्या साहेबाने तपासणीसाठी जुनं सील कापलं, माल पाहिला, नवं ठोकलं. मामा तेव्हा बाहेर गाडी घेऊन रांगेत होता. पण मी बोलणार कसा? तोंड म्हणजे दारच, आणि त्याला कुलूप. पूर्वी अशा वेळी साहेबाचा कागद येईपर्यंत मी उन्हात आणि ड्रायव्हर पोलिसांपुढे.

तेवढ्यात गोदामाच्या बाई आल्या. "थांब रे, आधी नोंद बघू," म्हणून त्यांनी मोबाईल काढला.

त्याला ब्लॉकचेन म्हणतात म्हणे. मला उमजलं ते असं: जहाजवाले, बंदरवाले, कस्टम, गोदाम, सगळ्यांकडे एकच नोंद असते, कडीत कडी अडकवलेली. कुणी एकट्याने गुपचूप खोडली, तर बाकीच्यांशी जुळत नाही आणि चोरी उघडी पडते.

बाईंनी वाचलं, "तपासणीसाठी सील बदललं, कस्टम. नवा नंबर हाच आहे. तुझा कागद शिळा झालाय, बाबा."

सील कापलं. मशीन सगळ्या जागच्या जागी.

रखवालदार खाली मान घालून चहा घेऊन आला. "साखर जास्त घातलीय, मामा."

मामाने घोट घेतला. "अशी तोंडी नको. नोंद दाखव."

त्या साखळीचे उपकार आहेतच. पण ती बिचारी लिहिलेलं तेवढंच धरून ठेवते. मला आठवतो तो साहेब. मागे रांग खोळंबलेली, लोक हॉर्न वाजवतायत, तरी त्याने नव्या सीलचा नंबर दोनदा पाहून नोंदीत नीट भरला. मामाने त्याला कधी पाहिलंही नाही. नोंदी करणाऱ्यांनो, तेवढं त्याच्यासारखं करा. पलीकडच्या गेटवर कुणाचा तरी मामा उभा असतो.

आता माझा तळ गंजला, समुद्र सुटला. बंदराच्या गेटपाशी मला खिडकी पाडून ड्रायव्हरांची विसाव्याची खोली केलीय. दुपारी मामा येतो, थाप मारतो, आडवा होतो. कडीत आता सील नाही. दार सताड उघडं असतं, आणि पोटात मामा घोरत असतो. इतका मोलाचा माल मी कधी वाहिला नव्हता.