पाने मोजून घ्या

पाना पुन्हा सटकला आणि पुनाराम मिस्तरीच्या बोटांची सालं निघाली. बसच्या पुढच्या चाकामागे कमानपट्टे धरून ठेवणारा तो जाडजूड बोल्ट. त्याचा नट गंजून असा बसला होता, की कालपासून घासलेट पाजूनही हलायचं नाव घेत नव्हता. पाना लावला की नटाबरोबर अख्खा बोल्टच फिरायचा. आतून बोल्टाचं डोकं धरायला एक माणूस हवा आणि बाहेरून नटावर जोर लावायला दुसरा. पुनारामजवळ एकाचाही जोर उरला नव्हता. गेल्या साली जॅक घसरून गाडी खांद्यावर बसली, तेव्हापासून उजवा हात छातीच्या वर जात नव्हता.

"छिन्नी से तोड़ डाल," बसचा मालक दुलीचंद शेठ म्हणाला.

"तोडला त मंग दुसरा आनू कोठून, शेठ? लष्कराच्या लिलावातली गाडी तुमची. असा बोल्ट बालाघाटात नाही भेटत."

"मुझे मत समझा. सुबह बैहर की ट्रिप है. शाम तक नहीं हुआ, तो यह गाड़ी हिरालाल के कारखाने में. और बाकी गाड़ियाँ भी."

शेठ निघून गेला. मोटारी दुरुस्त करायच्या त्या कारखान्याच्या मागेच घर होतं. दारात पुनारामची मुलगी ललिता उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती पदर सावरून रस्त्याला लागली. पाणी आणायला गेली असेल, असं पुनारामला वाटलं.

ती परत आली तेव्हा तिच्या मागे दहा पावलांचं अंतर ठेवून हिरालाल येत होता. खांद्याला पिशवी आणि हातात लोखंड तापवायची, हवा भरून पेटवायची पितळी बत्ती.

पुनारामचा चेहरा काळवंडला. "तू काहून गेलती त्याच्याकडं?" त्याने दबक्या आवाजात विचारलं.

"संध्याकाळी चूल पेटवा लागते म्हनून," ललिता म्हणाली आणि आत गेली.

हिरालाल याच कारखान्यात घडला होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून पुनारामच्या हाताखाली होता. त्याच्या बापाने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, तेव्हाही पुनारामने त्याला कामावरून काढलं नव्हतं. असा हात पुन्हा मिळणार नाही हे त्याला ठाऊक होतं. पण पुढे ललिताने आईजवळ त्याचं नाव काढलं. दुसऱ्याच दिवशी पुनारामने साऱ्या बसस्टँडभर ओरडून सांगितलं, की हिरालालने पान्यांचा संच चोरला. संच पुनारामच्याच पेटीत होता. वर्षभर त्या पोराला कोणी कामावर उभं केलं नाही. ललिताला राजेगावला दिली. तिथे नवऱ्याने दुसरी आणली आणि ती बापाकडे परत आली. तोवर हिरालालचं लग्न झालं होतं, गोंदियाच्या रस्त्यावर त्याचा स्वतःचा कारखाना उभा राहिला होता.

हिरालालने पिशवी जमिनीवर उपडी केली. "पाने माह्या घरचेच आनले, मिस्तरी," तो म्हणाला. पूर्वी तो 'मामा' म्हणायचा. "तुमचे मोजून घ्या आत्ताच. मंग बोलनं नको."

पुनाराम खाली पाहत राहिला. चोरी झालीच नव्हती हे सांगायचं असतं तर आता सांगता आलं असतं. शेजारचा पंक्चरवाला फकिरा काम सोडून ऐकत होता. तोही त्या दिवशी स्टँडवर होता. पण पुनारामच्या तोंडून निघालं ते एवढंच, "बत्ती पेटव."

हिरालालने बत्तीचा जाळ नटावर धरला. बोल्टाला झळ लागू नये म्हणून ओलं फडकं गुंडाळलं. नट लालसर झाला तसे त्याने हातोड्याचे चारी बाजूंनी हलके ठोके दिले आणि तेल सोडलं. धूर उठला.

"आतून धरा, मिस्तरी."

पुनाराम गाडीखाली सरकला. डाव्या हाताने आणि छातीच्या भाराने त्याने बोल्टाच्या डोक्यावरचा पाना दाबून धरला.

"पहिले कस," तो खालून म्हणाला. "मंग ढिला कर."

"मालूम आहे," हिरालाल वरून म्हणाला.

त्याने नट आधी किंचित आवळला, मग उलटा दाबला. पुन्हा आवळला, पुन्हा उलटा. चौथ्या वेळी लोखंड किंचाळलं. "हललं!" पुनाराम ओरडला, आणि त्या एका शब्दापुरता त्याचा आवाज जुन्या दिवसांसारखा झाला. हिरालाल फेऱ्यामागून फेरा घेत नट काढत राहिला.

शेठ आला तेव्हा नट तेलाच्या डब्यात पडला होता. "वा रे हिरालाल! अब कल से सारी गाड़ियाँ तेरे ही पास लगाऊँगा."

पुनारामने हिरालालकडे पाहिलं.

"लावा," हिरालाल म्हणाला.

ललिता दोन कप घेऊन आली. हिरालाल इथे शिकत होता तेव्हा त्याच्यासाठी टिनाचा मग बाहेर कोनाड्यात पालथा असायचा, आणि पुनारामची बायको वरूनच चहा ओतायची. आज दोन्ही कप घरातले होते, निळ्या काठाचे, पाहुण्यांना काढायचे. हिरालालने कपाकडे पाहिलं, मग ललिताकडे. एक घोट घेतला.

"घरी वाट पाहून राहिली असन," तो म्हणाला. कप चाकाच्या पत्र्यावर ठेवून त्याने पिशवी भरली, खांद्याला लावली आणि मागे न पाहता गेला.

शेठही गेला. पुनाराम तसाच मातीत बसून होता.

"फेकून दे त्याचा चहा," तो म्हणाला. "मोरीत ओत."

ललिताने कप उचलला. हिरालालचे ओठ लागले होते तीच कड तिने समोर धरली, आणि बापासमोर उभी राहून तो उष्टा, निवलेला चहा सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.